निळ्याखालचा लाल

"काकू, तुमच्या त्या डच रांगोळीवर लिहा ना काहीतरी," असं आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक फोनवर म्हणाला आणि तिथेच माझं डोकं फिरलं. तेवीस वर्षं हेच ऐकतेय. अरे बाबा, रांगोळी आज घालतात आणि उद्या झाडून टाकतात. मी जे करायचे ते लाकडावर, तेलरंगात, आणि नीट केलं तर ते करणारीपेक्षा जास्त टिकतं. पण संपादक पोरगेलासा आहे, नोकरी सांभाळून अंक काढतो, त्याला काय बोलायचं. म्हटलं, लिहिते. या हिवाळ्यात दुकान बंदच केलंय, हात रिकामे आहेत, आणि एक गोष्ट पोटात राहिलीये ती एकदाची सांगून टाकायची आहे.

आधी धंदा काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

हॉलंडच्या उत्तरेला समुद्राकाठी हिंडलोपन नावाचं एक चिमुकलं गाव आहे. जुन्या काळी तिथले पुरुष महिनोन् महिने जहाजांवर असायचे. घरं लहान, आणि घरातली झाडून सगळ्या लाकडी वस्तू रंगवलेल्या. कपाट, पाळणा, खुर्ची, ट्रे, पाव कापायची फळी, थंडीत पाय शेकायची पेटी. खालचा थर, म्हणजे आमच्या भाषेत जमीन, विटेसारखा लाल, नाहीतर गडद हिरवा, नाहीतर निळा. त्यावर वळणावळणाच्या वेली, गुलाबासारखी फुलं, मध्येच एखादा पक्षी. पेन्सिलीने आधी काढून घ्यायची पद्धत नाही. लांब केसांचा गोल ब्रश घ्यायचा, डाव्या हातात एक काठी आडवी धरायची, तिच्यावर उजवा हात टेकवायचा आणि एका दमात वेल ओढायची. लहानपणी डोंबिवलीला आमच्या गल्लीत दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर होते, तेही अगदी अशीच काठी धरायचे. खालचा रंग ओला आहे तोवर त्यात दुसरी छटा मिसळायची, आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्याचे बारीक फटकारे मारायचे. ते मारले की फूल पटकन वर उठून येतं. बस, एवढंच. ऐकायला सोपं आहे. मला एक धड वेल ओढता यायला दीड वर्ष लागलं.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो निव्वळ कंटाळ्यापोटी. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, इंजिनियर. स्किल्ड व्हिसावर सिडनीला आला आणि त्याच्या मागोमाग मी आणि दोन वर्षांची ईशा. टूनगॅबीत घर घेतलं. माझा कमर्शियल आर्टचा डिप्लोमा इथे कुणी विचारेना. एका चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी रंगकामाचा क्लास असतो असं कळलं, म्हटलं चार माणसं तरी भेटतील.

क्लास घेणारी हिंडलोपनची ग्रीट सत्तरीची होती, ताडमाड उंच, आवाज खरखरीत. लग्न होऊन नवऱ्याबरोबर बोटीने इथे आलेली. पहिल्या दिवशी मी तिला सवयीने मॅडम म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम कोण? मी ग्रीट." मी माझं सगळं कौशल्य लावून एक वेल काढून दाखवली. तिने चष्मा लावून पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाली, "मनगटातून काढतेस. खांद्यातून काढ." मग जुनी वर्तमानपत्रं दिली आणि त्यावर नुसत्या अर्ध्या गोलाच्या कमानी काढायला सांगितल्या. तीन महिने मी कमानी काढत होते. श्रीकांत म्हणायचा, शाळेत पहिलीला घातलंय काय तुला?

पुढे मी तिच्या दुकानात कामाला लागले, आणि तिची नजर गेली तेव्हा दुकान माझ्याकडे आलं. वेंटवर्थव्हिलच्या मागच्या गल्लीत, शेजारी आपलं मसाल्याचं दुकान. आमच्याकडे टर्पेंटाइनचा वास, त्यांच्याकडे हिंगाचा. गिऱ्हाईक दारात उभं राहून गोंधळायचं. नवीन वस्तू रंगवायचं काम थोडं, जास्त काम दुरुस्तीचं. डच आजी-आजोबांनी पेटाऱ्यात भरून आणलेलं सामान, त्यांच्या मुलांच्या गॅरेजमध्ये पडून पोपडे आलेलं, ते आमच्याकडे यायचं.

गिऱ्हाइकं काय एकेक नमुने. एक रिटायर झालेला ट्रक ड्रायव्हर बिअर थंड ठेवायची त्याची एस्की घेऊन आला. बायकोची साठी होती, तिची आजी डच, तर झाकणावर फुलं हवीत. मी म्हटलं, प्लास्टिकवर हा रंग धरत नाही. तो म्हणाला, "मेट, ट्राय तर कर." केलं. पहिल्या पिकनिकला अर्धा गुलाब बर्फाबरोबर निघून गेला, आणि तो उरलेला अर्धा दाखवायला मुद्दाम परत आला, खूश होऊन. गिरावीनच्या एक बाई गणपतीसाठी पाट रंगवून घ्यायला आल्या. मी लाल जमिनीवर दोन पक्षी आणि वेल असा सुरेख पाट केला. त्यांनी उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "छान आहे हो, पण पक्ष्यांच्या ऐवजी मोर नाही का करता येणार? आणि मधे एक स्वस्तिक?" मी मोर केला. ग्रीट जिवंत असती तर तिने मला परत कमानी काढायला बसवलं असतं.

ग्रीटचा एकच नियम होता. सुरुवातीला एकदा मी एका ट्रेवरचं कुणीतरी वेडंवाकडं काढलेलं फूल पुसून त्याजागी माझं चांगलं फूल काढलं होतं. कौतुकाची वाट बघत उभी होते. ग्रीट म्हणाली, "वस्तूवर जो शेवटचा हात फिरलाय, तो पुसायच्या आधी त्या हाताला विचारायचं. तो हात या जगात नसेल, तर दोनदा विचार करायचा." मी मान डोलावली. तेव्हापासून तो नियम पाळला, एकदा सोडून. ते एकदा म्हणजेच पोटातली गोष्ट.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये कॅरन नावाची एक बाई दुकानात आली. पन्नाशीची, शाळेत शिकवणारी, बोलायला मोकळी. गाडीतून तिने एक घडीचं टेबल काढलं. हिंडलोपनचं हे खास टेबल असतं. वरची गोल फळी उभी करून भिंतीला टेकवून ठेवता येते, म्हणजे जेवायच्या वेळी टेबल आणि एरवी चित्र. फळी हातभर रुंद, पूर्ण निळी. काळपट, जड निळा. त्यावर कडेकडेने गोलाकार काढलेली अकरा फुलं, तीही निळ्याच्याच गडद-फिक्या छटांची.

कॅरनने सांगितलं ते असं. टेबल तिच्या आईचं, टीनेकेचं. आई-वडिलांच्या लग्नासाठी हिंडलोपन गावातल्या रंगाऱ्याने लाल रंगवून दिलेलं. कॅरनचं सगळं लहानपण त्या लाल टेबलावर गेलं. अकरा वर्षांपूर्वी वडील, योहान, गेले आणि आईने महिन्याभरात टेबल निळं करून टाकलं. आता आई अठ्ठ्याऐंशीची. तीन आठवड्यांत एज्ड केअरमध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, राहायला जायची होती. खोलीत घरचं एकच फर्निचर नेता येतं, आणि आई म्हणत होती, टेबलच नेणार.

"ती या निळ्यात अडकून पडलीये," कॅरन म्हणाली. "मला तिला लाल टेबल परत द्यायचंय. सरप्राइज. तिला सांगितलंय की पाय दुरुस्तीला दिलाय."

आता मला यात काय वाटावं ते समजायला माझ्या आईची गोष्ट सांगायला हवी. मी तेवीस वर्षांची असताना बाबा गेले. आई सत्तेचाळीसची. आमच्या आत्याने तेराव्याच्या आतच आईच्या साड्यांच्या कपाटाची वाटणी करून टाकली होती, ही आता नको, तीही नको. माझं टाळकं सडकलं. दोन महिन्यांनी माझी पहिली नोकरी लागली तेव्हा मी सरळ दुकानात जाऊन मोरपंखी साडी आणली आणि मामेबहिणीच्या लग्नात आईला ती नेसायला लावली. आत्याच्या नाकावर टिच्चून. आई नेसली. ही गोष्ट मी आयुष्यभर सगळ्यांना सांगितली, ईशाला तर शंभरदा.

तेव्हा ते निळं टेबल बघून मला दिसलं ते आत्याचं तोंड. हिंडलोपनच्या बायका दुःखात निळं घालायच्या, घरातलं सामानही कधी कधी निळं करायच्या, हे ग्रीटकडून ऐकलं होतंच. म्हटलं, देश कुठलाही असो, विधवेच्या अंगावर एक रंग थापायचा आणि मोकळं व्हायचं. अकरा वर्षं. पुरे झालं की.

"आईंना विचारलंयस का?" असं मी कॅरनला विचारलं नाही. नियम आठवला, नाही असं नाही. पण मी स्वतःशीच म्हटलं, हा हात तिचा कुठला, हा रिवाजाचा हात.

आधी नेहमीप्रमाणे फोटो काढले. मग कडेला नखाएवढ्या जागेवर रंग उतरवायच्या द्रावणाचा बोळा फिरवला, निळा उतरला आणि खालून तो विटेचा लाल वर आला. त्या लालवर जुन्या रंगाऱ्याची एक वेल होती, इतकी सहज ओढलेली की मला वीस वर्षांत तशी जमली नाही. मग काय, मी झपाटल्यासारखी कामाला लागले. द्रावणात बुडवलेला कापसाचा बोळा, एका वेळी रुपयाएवढी जागा, मध्ये मध्ये स्काल्पेल, डॉक्टरांची ती बारीक सुरी. दहा दिवसांत अकरांपैकी नऊ फुलं उतरवली.

फुलांबद्दल एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. पहिलं फूल इतकं गडद होतं की जमिनीवर दिसतच नव्हतं, बोटांना लागलं तेव्हा कळलं. पुढचं जरा फिकं. त्यापुढचं आणखी. शेवटची दोन जवळजवळ पांढरी. मी कामाच्या वहीत लिहून ठेवलं, 'रंग दर वेळी वेगळा मिसळलाय. शिकाऊ हात.' अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तसं. इतक्या वर्षांची तयार नजर, आणि तिला काय दिसलं तर मिसळण्यातली चूक.

अकराव्या दिवशी दुपारी दुकानासमोर काउन्सिलची छोटी बस थांबली आणि चाकाच्या वॉकरला धरून एक म्हातारी उतरली. पांढरे आखूड केस, अंगात फिकट निळा स्वेटर. आत आली, टर्पेंटाइनचा वास घेऊन थांबली आणि म्हणाली, "मी टीनेके. माझ्या टेबलाचा पाय बघायला आले. योहान गेला तो दिवस जवळ आलाय, त्याच्या आधी मला ते घरी हवंय."

टेबल खिडकीशी उभं होतं, फळी दाराकडे. लपवायला वेळच नव्हता. तरी खरं सांगते, मनात कुठेतरी अजूनही वाटत होतं की लाल बघून ती खूश होईल.

टीनेके टेबलाजवळ गेली. एकेका फुलाच्या जागेवरून बोट फिरवत गेली. मग वॉकरवरच्या सीटवर हळूच बसली.

"नऊ," ती म्हणाली. "नऊ गेली."

मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, कॅरनला फोन केला. टीनेके पाणी प्यायली नाही. माझ्याकडे न बघता बोलू लागली. योहान गेला तेव्हा तिने टेबल निळं केलं, तिच्या आईने केलं होतं तसं. मग दर वर्षी त्याच्या दिवशी सकाळी एक फूल काढायचं. पहिलं असं की फक्त तिलाच ठाऊक. पुढच्या वर्षी रंगात थोडा पांढरा. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडा. जेवढं हलकं वाटेल तेवढाच पांढरा, खोटं नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी पुढे सरकताच आलं नव्हतं, म्हणून ती दोन फुलं एकसारखी होती. मला आठवलं, होती. वहीत मी त्यांच्यापुढे 'ही दोन बरी जुळली' असं लिहिलं होतं.

"या वर्षी मी पहिलं लाल काढणार होते," ती म्हणाली. "मी लालकडे चालतच येत होते. अकरा वर्षं. तू मला गाडीत घालून आणून सोडलंस."

मी म्हटलं, माझ्याकडे सगळे फोटो आहेत, एकेक छटा मी हुबेहूब परत करून देते, तुम्ही राहायला जायच्या आत.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि तेच मला जास्त लागलं. "तुझा हात चांगला आहे," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. म्हणूनच नको. टेबल ठेव तुझ्याकडे. मी खोलीत दुसरं काहीतरी नेईन."

तेवढ्यात कॅरन आली. आईचा चेहरा बघून तिला सगळं समजलं. रडायलाच लागली. "मम, तू कधी सांगितलं नाहीस की फुलांचा काही अर्थ आहे."

"कुणी विचारलं नाही," टीनेके म्हणाली. "सगळ्यांना निळं आहे एवढंच दिसायचं."

त्या संध्याकाळी जेवताना मी घरी सांगितलं. ईशा आली होती. ती माझ्याच तालमीत वाढलेली, मला वाटलं बाजू घेईल. तिने फक्त विचारलं, "बट आई, डिड यू इव्हन आस्क हर?" श्रीकांतने तिला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस म्हणून. पण ती बरोबर होती. रिवाज, आत्या, बायकांचं दुःख, सगळ्याचा मी विचार केला होता. फक्त टीनेके नावाच्या बाईचा केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी इथे दुपार झाली तेव्हा डोंबिवलीला फोन लावला. आई माझ्या भावाकडे असते. तेव्हा त्र्याऐंशीची, पण तल्लख. सकाळचा चहा चालू होता.

"आई, ती मोरपंखी साडी आठवते? मी आणलेली?"

"आठवते की. तिचं काय?"

"तुला तेव्हा ती नेसायची होती का ग?"

"आज हे काय मध्येच?" मी तिला टेबलाची सगळी गोष्ट सांगितली. तिने मध्ये एकदाही न बोलता ऐकली, हे तिच्या स्वभावात नाही.

"नव्हती नेसायची," आई म्हणाली. "आत्या म्हणाल्या म्हणून नाही हां. आत्यांना मी कधी जुमानलंय? मलाच नको होता रंग. डोळ्यांना सोसत नव्हता. आला असता वर्ष-दोन वर्षांत आपला आपण."

"मग नेसलीस कशाला?"

"तू केवढ्या हौसेने आणलीस. बाप गेला होता तुझा, तुला काहीतरी करायचं होतं. म्हटलं, पोरीसाठी नेसू एक दिवस." मग म्हणाली, "आणि साडी चांगलीच होती. नंतर खूप नेसले मी ती. तू मनाला लावून घेऊ नकोस. पण त्या बाईकडे जा. फोन करू नकोस, जा."

मी गेले. टीनेकेच्या घरी सगळीकडे खोकी होती. तिने कॉफी केली, हात इतका थरथरत होता की कप बशीत वाजत होता. मी म्हटलं, मी दुरुस्तीबद्दल बोलायला आलेले नाही. चूक माझी आहे. तुम्हाला विचारायला हवं होतं, ते आत्ता विचारतेय, उशिरा. टेबलाचं काय करू?

तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "ती शेवटची दोन आहेत ना अजून?"

"आहेत. त्यांना बोट लावलेलं नाही."

"मग आता काही करू नकोस. जिथे थांबलीस तिथेच थांब. योहानच्या दिवशी मी येते."

आमच्या धंद्यात अर्धवट काम ठेवणं यासारखी शिक्षा नाही. तीन चतुर्थांश फळी झगझगीत लाल, एक तुकडा निळा, आणि मध्ये जिथे मी थांबले होते तिथे फाटलेल्या कागदासारखी वेडीवाकडी कड. निदान ती कड तरी साफ करावी म्हणून हात शिवशिवत होते. नाही केली. मी रोज ते टेबल झाकून ठेवायचे.

ऑगस्टच्या त्या सकाळी कॅरन आईला घेऊन आली. गल्लीच्या तोंडाशी वॉटलची झाडं पिवळी धमक फुलली होती. टीनेकेने रंग स्वतःच मिसळायला घेतला. लालच्या तीन ट्यूब मी काढून ठेवल्या होत्या. ती मिसळायची, मान वळवून त्या उघड्या जुन्या लालकडे बघायची, नाही म्हणायची, परत मिसळायची. "माझ्या आठवणीत हा जास्त भडक होता," ती म्हणाली. "बरं झालं दिसला." तेवढ्या एका वाक्याने मला जरा बरं वाटलं, पण माफी मिळाली असं मी समजले नाही, आणि अजूनही समजत नाही.

हात टेकवायची काठी तिला पेलेना. मी म्हटलं, काठी मी धरू? ती म्हणाली, काठी धर, हात नको. मी फळीसमोर गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी काठी घट्ट धरली. तिचं मनगट त्यावर टेकलं. तिच्या हाताचा थरथराट काठीतून माझ्या हातात येत होता. त्या दोन पांढऱ्या फुलांशेजारी, निळ्यावर, तिने ब्रश टेकवला. पहिली पाकळी बाहेरच गेली. दुसरी पहिलीवर चढली. पाच पाकळ्यांना पंचवीस मिनिटं लागली. मध्ये एकदा ती डचमध्ये काहीतरी पुटपुटली. ते आमच्यासाठी नव्हतं. मग तिने ब्रश खाली ठेवला आणि रुमालाने डोळे पुसले, आणि नाकाला लाल रंग लागला तो कॅरनने पुसला.

फूल एका बाजूला पार कललं होतं. खालच्या पाकळीचा ओघळ निळ्यावर उतरला होता. कॅरन माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "ती बाजू जरा ठीक करता येईल का? तिला कळणार पण नाही."

"नाही," मी म्हटलं. "शेवटचा हात त्यांचा आहे."

रंग वाळायला आठवडा लागतो. वाळल्यावर रिवाजाप्रमाणे मी वॉर्निशचा डबा काढला, आणि या वेळी आधी फोन केला. टीनेके म्हणाली, "वॉर्निश नको. जागा आहे अजून."

टेबल तसंच तिच्या खोलीत गेलं. लाल, फाटकी कड, निळा तुकडा, दोन पांढरी फुलं आणि एक लाल. तिथली नर्स मला म्हणाली, हे अर्धवट राहिलंय वाटतं. मी म्हटलं, नो वरीज, काम चालू आहे.

दुकान बंद करताना ब्रश, रंग, ग्रीटच्या जुन्या नमुन्यांच्या फळ्या सगळं देऊन टाकलं. एक ब्रश, लालच्या तीन ट्यूब आणि काठी तेवढी ठेवलीये. ऑगस्टमध्ये त्या दिवशी सकाळी मी ते घेऊन एज्ड केअरला जाते आणि तिच्या समोर गुडघ्यांवर बसते. आता माझेही गुडघे बोलतात. टीनेके एक्क्याण्णवची आहे, या वर्षी तिला दोनच पाकळ्या जमल्या. बाकीच्या पुढच्या वर्षी, म्हणाली. टेबलाला अजून वॉर्निश केलेलं नाही.